यंदा गणपतीनंतर सुरमई नको

पुणे,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत बरी आहे, नोकरी आहे, खोलीचं भाडंही थकलेलं नाही. फोनवर सांगायचं म्हणून चार वेळा ठरवलं, पण आई "जेवलास?" विचारते, मी "हो" म्हणतो आणि मग बोलणं थेट मामाच्या रिक्षावर जातं. म्हणून लिहितोय.

मी मासे सोडले. कोंबडी-मटणही. फेब्रुवारीपासून. आणि स्वयंपाक स्वतः करायला लागलोय.

आई, पहिल्यांदा तुझ्या मनात येणार त्याचं उत्तर आधी देतो. नाही, कुणी शाकाहारी घरातली मुलगी नाही. बुवा-महाराज नाही. माळ घातलेली नाही. कुणी काही करणी केलेली नाही, त्यामुळे देवळात जाऊन गाऱ्हाणं घालू नकोस.

झालं असं की जानेवारीत आमची मेस बंद पडली. महिनाभर बाहेरून मागवून खाल्लं, पोट आणि पाकीट दोन्ही बिघडलं. मग शेगडी आणि तीन लिटरचा कुकर घेतला. खोलीत मासे-मटण शिजवायचं नाही ही घरमालकांची अट तुम्हाला ठाऊक आहे, सामान चढवायला बाबा स्वतः आले होते तेव्हा त्यांनी बाबांसमोरच सांगितली होती. शिवाय मला मासा साफ करता येत नाही आणि पुण्यातल्या बर्फातल्या बांगड्याला बाबांनी ओळखही दाखवली नसती. उलट मूग-मसूर डब्यात महिनाभर निमूट पडून राहतात. एकट्या माणसाला तेच सोयीचं. ही सगळी कारणं खरी आहेत. (आणखी एक आहे, ते खाली लिहितो.)

आता जेवणाची काळजी करू नका, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिली आमटी सांगतो. तूरडाळ धुतली, त्यात टोमॅटो, चार आमसुलं, मीठ, सगळं एकदम घालून कुकर लावला. सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येतेय. दुसऱ्या दिवशी नऊ. कुकर बिघडला असं समजून मी तो दुकानात परत न्यायला निघालो होतो. शेजारच्या आजींनी जिन्यात थांबवून विचारलं, "आंबट कधी घातलंस?" डाळ शिजायच्या आधी आंबट पडलं की ती मऊ होत नाही, त्यात आमच्याकडे टँकरचं जड पाणी. आता डाळ अर्धा तास भिजवतो, हळद-हिंग आणि तेलाचा थेंब घालून शिजवतो, घोटतो, आणि आमसूल शेवटी. चार शिट्ट्यांत लोणी. आई, तू आमसुलं नेहमी शेवटीच टाकायचीस. मी वीस वर्षं ओट्याला टेकून उभा असायचो आणि एवढंसुद्धा पाहिलं नाही.

फोडणी तीनदा जाळली. मोहरी तडतडायची वाट न बघता हळद टाकायचो, किंवा वाट बघता बघता फोन घ्यायचो. आता मोहरी तडतडली की गॅस बारीक, मग हिंग, हळद, लगेच कढीपत्ता. कुळथाच्या पिठीच्या गुठळ्या झाल्या, कारण पीठ उकळत्या पाण्यात टाकलं. आधी गार पाण्यात कालवून मग लसणीच्या फोडणीत सोडायचं आणि ढवळणं थांबवायचं नाही, हे आता हाताला कळलंय. राजमा नुसता भिजवून मंद आचेवर ठेवू नये, खळखळून उकळून पूर्ण शिजवावा, नाहीतर पोटाला बाधतो. हे एका रात्रीत शिकलो. तपशील लिहीत नाही.

काळ्या वाटाण्याचं सांबारं मात्र जमलंय. रात्रभर भिजवतो, म्हणजे नऊ-दहा तास तरी, सहा शिट्ट्या काढतो. कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजतो. खोबरं तपकिरी होईपर्यंत धीर धरायला लागतो, तो माझ्याकडे नाही, पण शिकतोय. मूठभर शिजलेले वाटाणे वाटणातच वाटून घातले की दाटपणा येतो. आंबोळ्यांचं पीठ पुण्याच्या थंडीत आंबत नव्हतं, ते मी पांघरुणात गुंडाळून ठेवलं होतं. हसू नका.

मजा काय, की मला वाटत होतं मी काहीतरी नवीन शिकतोय. मग लक्षात आलं, यातलं एकही मला नवीन नाही. श्रावणातले सोमवार, संकष्ट्या, गणपतीचे पाच दिवस, घरात "आज शिवराक", म्हणजे मासे-मटण नाही, म्हटलं की मी तोंड वाकडं करायचो. त्या दिवशी ताटात काय काय असायचं! फणसाची भाजी, टाकळा, अळूचं फदफदं, सोलकढी. ऋषिपंचमीची भाजी तर मी ताटाखाली लपवून मांजरीला घातलेली तुला माहीत होतं, तरी तू दरवर्षी माझं ताट पहिलं वाढायचीस.

एक गोष्ट सांगतो. तू मे महिन्यात दिलेल्या डब्यात तिरफळाची पुडी निघाली. तू देताना बांगड्यासाठीच दिली असणार. त्या रविवारी तूरडाळीत ओलं खोबरं वाटून घातलं आणि पाच-सहा तिरफळं, काळी बी काढून, किंचित ठेचून वरून टाकली. झाकण उघडलं आणि अख्खी खोली आपल्या स्वयंपाकघरासारखी झाली. पावसाळा, ओला टॉवेल, बाबांच्या सायकलची घंटी, सगळं. डोळे मिटून वास घेतला तर बांगड्याचं तिखलंच. थोडा वेळ जेवलोच नाही, नुसता बसून राहिलो.

बाबा, तुम्ही एसटीत ३४ वर्षं पै-पैचा हिशेब दिलात, तेव्हा हा घ्या. माझं वजन ६२ किलो. दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साधारण ५१ ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत बावीसेक ग्रॅम असतात. दोन वेळची डाळ, एक उसळ, दही, चपात्या-भात आणि आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या, की हिशेब जुळतो. भातात जे कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी पडतं ते भातात. म्हणजे तुमचं "डाळ-भात खा आणि गप झोप" हे शास्त्राला धरूनच होतं. बी-१२ मात्र झाडापाल्यात नसतं, दूध-दह्यात थोडं असतं. म्हणून रक्त तपासून घेतलं, डॉक्टरांनी गोळी दिली आहे, ती घेतो. "मासो नाय तर जेवतलस काय रे?" असं आई म्हणणार, तिला हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

आता माझ्या गोळीवरून तुमच्या गोळीवर. बाबा, बीपीची गोळी सकाळी चहाबरोबरच, "बरं वाटतंय" म्हणून एक दिवसही चुकवायची नाही. मीठ दोघांनी मिळून नव्हे, एकेकाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, सुका बांगडा सगळं आलं. सुकं रोज भाजायचं नाही. आई, तुझं हिमोग्लोबिन ९.८ होतं. जेवल्या जेवल्या चहा बंद, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासाभराने घे. पालेभाजीवर लिंबू पिळ. पाट्यावर वाटायचं नाही, मिक्सर पाठवलाय तो पिशवीतून बाहेर काढ, त्याला हळद-कुंकू नंतर लाव. आणि माळ्यावर चढायचं नाही. बरणी मी आल्यावर काढीन.

हो, ते राहिलेलं कारण.

गेल्या वर्षी गणपती गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा मला न उठवता पहाटे बंदरावर गेले होते. परत आलात तेव्हा साडेनऊ वाजले होते, शर्ट अंगाला चिकटलेला, हातात सुरमई. किती दिले विचारलं तर म्हणालात, "वळखीचो आसा, कमीत दिल्यान." दुपारी पेपर शोधताना त्याखाली तुमच्या औषधांची चिठ्ठी सापडली. त्या महिन्याच्या गोळ्या आणलेल्या नव्हत्या. आई, तू एक पाय स्टुलावर ठेवून तुकड्या तळत होतीस आणि मी गरम गरम सहा खाल्ल्या. बाबांनी डोकं घेतलं आणि म्हणाले, मला डोकंच आवडतं.

त्या सहा तुकड्या फार सुरेख झाल्या होत्या. हे मी उगाच म्हणत नाही. आणि मासे मी त्यामुळे सोडले असंही समजू नका, तुम्ही दोघं मनाला लावून घ्याल आणि मग आई आठवडाभर जेवणार नाही. मेस बंद झाली म्हणून सोडले. फक्त सोडल्यावर हलकं वाटलं, ते का, ते सांगितलं.

तुम्ही मात्र खायचे. दारात टोपली घेऊन मावशी येते तिच्याकडून घ्या, दोघांपुरते, छोटे, ताजे. बंदरावर जायचं नाही. नारळी पौर्णिमा झाली, आता होड्या परत जातील आणि तुमचे पाय वळवळणार, मला माहीत आहे.

मी २५ तारखेच्या रात्री निघतोय. या वर्षी गौरी-गणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक मी करणार. सांबारं आणि आंबोळ्या. आई खुर्चीत बसून हुकूम सोडेल, बाबा नारळ खवतील. पीठ आदल्या रात्री तूच भिजव, ते अजून माझ्यावर सोडू नकोस.

आणि आई, वाटणात बडीशेप किती घालायची ते फोनवर विचारलं तर म्हणालीस, "दिसायपुरती." दिसायपुरती म्हणजे किती ते एकदा चमच्यात मोज आणि मला कळव.

तुमचा झील,
बाबू