मित्राय नमः

सातारा,
पौष, यात्रेच्या आधीचा आठवडा

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले. तुझी दोन पत्रं आली, एकदा फोन आला, मी 'करतो परत' म्हणालो आणि केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. आमच्या प्रकृती ठीक. माझी साखर आहे तिथंच आहे, हिची कंबर तशीच. अण्णांना ९४ वं चालू आहे.

परवा रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

घरात सगळ्यांना सांगून झालं. ही म्हणाली, "सुटलात." लेक फोनवर म्हणाली, "किती गोड!" दचकणारा तू एकटाच असशील, म्हणून कागद घेऊन बसलो. जानव्याचा तो जुडगा, बंड्या! त्याचा साबणावर छाप घ्यायची अक्कल तुझी, आणि मार खाल्ला मी. मी ६६ वर्षांचा पेन्शनर, पण परवापर्यंत औंधच्या घराचा उतारा, बँकेची पुस्तकं, इतकंच काय दिवाळीचं उटणंसुद्धा त्या कपाटातून अण्णांच्या हातूनच बाहेर यायचं.

तुझं ते गाजलेलं जेवण रात्रभर डोक्यात घोळत होतं. अण्णांनी नेहमीचं सुरू केलं, "औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी सत्तराव्या वर्षी राज्य रयतेच्या हवाली केलं. १९३९ साली. अख्ख्या हिंदुस्थानात दाखव दुसरा." आणि तू पानावर बसून, त्यांच्याच हातची आमटी ओरपत म्हणालास, "अण्णा, वारं बघून दिलं. जाणारच होतं ते. आणि राज्य म्हणजे तरी काय, ७२ गावं, तीही एकमेकांना न लागलेली." पळी हवेत थांबली. वर्षभर तुझं नाव घरात निघालं नाही. तू आजतागायत म्हणतोस की मी तुझी बाजू घ्यायला हवी होती. नाही घेतली, कारण मला तुझं पटलं नव्हतं. अजूनही नाही पटत. वारं काय एकट्या औंधात सुटलं होतं? त्याच हिवाळ्यात राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी वल्लभभाईंना दिलेला शब्द फिरवला आणि मार्चमध्ये गांधींना तिथं उपासाला बसावं लागलं. आमचे राजेसाहेब, भवानराव पंत, मात्र मुलाला, अप्पासाहेबांना, आणि त्या पोलंडच्या इंजिनिअरला, फ्रिडमनला, सेवाग्रामला धाडून गांधींकडूनच घटना घडवून घेतात! गावानं पाच पंच निवडायचे, त्यांचा सरपंच तालुक्याच्या समितीवर, तिथून पुढं विधिमंडळ. गावचे तंटे गावातच. कुंडल, आटपाडी, पार तिकडं गुणदाळपर्यंत. तू म्हणशील, दिलेली लोकशाही ती कसली लोकशाही. बरं बाबा. पण १९४२ नंतर पत्री सरकारच्या पोरांना इंग्रजी हद्दीतून निसटून टेकायला जागा कुठं मिळाली, हेही बोल की कधीतरी.

हा वाद आपण चाळीस वर्षं चघळला, आणि अण्णांना खरा टोमणा मारायचा तो दोघांच्याही डोक्यात आला नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तिथं पंतांनी खुनाची शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय ठेवलं. शेती करा म्हणाले, बायकापोरांना आणा म्हणाले. आणि त्याच राजाचे भक्त आमचे अण्णा, पोटच्या पोराच्या हाती साखरेचा डबा देत नव्हते! दिवाळीत मी हे चुकून मोठ्यानं बोललो. अण्णा म्हणाले, "ते खुनी पश्चात्ताप झालेले होते."

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगतो.

अश्विनात त्यांना दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, सूर्यनमस्कार बंद. तुला माहीत आहे त्या माणसाचे नमस्कार काय होते ते. औंधच्या शाळेत सक्तीचे होते तेव्हापासूनचे. पुढं कामं वेगळी, गावं वेगळी, पण पहाटेचं 'ॐ ह्रां मित्राय नमः' चुकलं नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा मागच्या खोलीत बारा घातले होते, मी पाहिलंय. (आणि तुला 'मित्राय' म्हटलं की आपलंच नाव घेतात असं वाटायचं. गाढवा!) तर डॉक्टर गेल्यावर मी त्यांची सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. समजावलं नाही, विचारलं नाही. त्यांच्या देखत टाकली. ते काही बोलले नाहीत. आणि अडीच महिन्यांनी किल्ल्या आल्या.

म्हणजे काय समजायचं? ही म्हणते, म्हातारं माणूस थकलं, त्यात एवढं काय. पण पंत थकून नव्हते देत. सत्तरीत ते रोज नमस्कार घालत होते, चित्रं काढत होते, कीर्तनाला उभे राहत होते. किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली तीही १९१० साली, गादीवर येऊन वर्ष होतंय तोवर. धडधाकट माणसानं मूठ उघडणं वेगळं. अण्णांची मूठ मी आधी सैल केली आणि मग किल्ल्या खाली पडल्या, असं मला वाटत राहतं. तुझं ते वाक्य, 'जाणारच होतं ते', इतक्या वर्षांनी माझ्याच छातीवर येऊन बसलंय. अण्णांनीही वारं बघितलं का रे?

कपाट मी उघडलेलं नाही. जुडगा उशीखाली घेऊन झोपतो आणि तो टोचतो. रोज सकाळी विचारतात, "बघितलंस का?" मी "वेळ नाही झाला" म्हणतो. पेन्शनराला वेळ नाही झाला!

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, आता जिना चढतोस का? वहिनी कधी सुटतायत नोकरीतून? नातवाचं नाव काय ठेवलं ते तू लिहिलं होतंस, पण पत्र सापडत नाहीये. रागावू नकोस.

*

पत्र काल टाकायचं राहिलं, बरंच झालं.

आज पहाटे जाग आली तर अण्णा खुर्चीत ताठ बसून पुटपुटत होते. मित्र, रवी, सूर्य, भानू... हिरण्यगर्भापर्यंत आले आणि अडले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा मला राहवेना, मी दारातून 'मरीचये' म्हणालो. असे बघितले माझ्याकडं! "मला येतंय. तू मध्ये बोलू नकोस." मी माळ्यावर चढून सतरंजी काढली, झटकली आणि खुर्चीच्या पायाशी अंथरली. त्यावर पाय टेकवून त्यांनी बाराही नावं म्हटली. मरीचीला जरा आवाज चढवलाच.

नऊ वाजता चहा घेताना म्हणाले, "किल्ल्या आण. औंधच्या उताऱ्यावर एक खूण करायची राहिलीय." दिल्या. खूण करून झाली, कपाट लागलं, जुडगा जानव्यावर गेला. आता दुपारचे चार वाजलेत, परत काही दिला नाही. उटणं मागायला मी पुन्हा रांगेत. आज रात्री उशी टोचणार नाही.

मग मला विचारलं, "तो भांडखोर कुठं असतो हल्ली?" म्हटलं पुण्यात, गुडघा बदललाय. म्हणाले, "यात्रेला बोलाव. वारं बघून दिलं म्हणाला होता ना? उत्तर द्यायचं राहिलंय माझं."

तेव्हा ये. यमाईचा डोंगर तुला झेपायचा नाही, मूळपीठाला मी एकटा जाऊन येईन. तू खाली म्युझियमपाशी हेन्री मूरच्या त्या आई-मुलाच्या शिल्पासमोर बस, ज्याला आपण नाक नसलेली बाई म्हणायचो. आणि सायकलच्या ट्यूबचे सात रुपये आण. मी विसरलेलो नाही.

तुझा,
बापू