राजाबाई टॉवरखालच्या पाट्या

दादर, मुंबई

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या ग्रंथालयाच्या काउंटरवरची गर्दी सांभाळून एवढं लिहिलंस, फार बरं वाटलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी काय घेतलं, असं विचारलंस. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं जुनं ग्रंथालय, राजाबाई टॉवरचं. तिथल्या दिशादर्शक पाट्या आणि ग्रंथालयाची दृश्य ओळख, म्हणजे बोधचिन्ह, अक्षरं, रंग. कुणी मागितलेलं काम नाही, कागदावरच राहणार आहे. पण उद्या तिथे बसवायचं आहे असं समजूनच करते आहे.

बाहेरून ती इमारत तू पाहिली आहेसच. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने आराखडा लंडनमध्ये बसून केला, तो मुंबईला कधी आलाच नाही. पैसा व्यापारी प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. पायाभरणी १८६९ची, टॉवर पुरा झाला १८७८मध्ये, उंची २८० फूट. ओव्हल मैदानावर खेळणारी पोरं त्या घड्याळात वेळ बघतात आणि पुन्हा खेळाला लागतात. त्या घड्याळाखाली पुस्तकं आहेत, वाचनकक्ष आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? टॉवर सगळ्या शहराला दिसतो, ग्रंथालय कुणालाच दिसत नाही. माझ्या कामाची सुरुवात इथूनच होते.

म्हणून बोधचिन्हात टॉवर घ्यायचा नाही, असं मी ठरवलं. सरांना ते पटलेलं नाही. पण टॉवर शहराचा आहे, पोस्टकार्डांवर आणि फ्रिजवरच्या चुंबकांवर तो आधीच आहे. ग्रंथालयाची स्वतःची खूण पुस्तकाच्या आत असते: मुखपृष्ठ उलटलं की दिसणारा शिक्का. कोणत्याही जुन्या ग्रंथालयातलं पुस्तक उघड, शाई थोडी पसरलेली, दाखलांक, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, हाताने घातलेला. त्या लंबगोल शिक्क्याच्या चौकटीतच मी नाव बसवते आहे, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

मराठी आधी ठेवणं सोपं, ती नीट ठेवणं अवघड. पाट्या करणारे बहुधा रोमन अक्षरं ठरवून घेतात आणि उरलेल्या जागेत देवनागरी कोंबतात. मग वेलांट्या आणि उकार मावावेत म्हणून अख्खी ओळ बारीक करतात, आणि लांबून मराठी वाचताच येत नाही. मी रोमनशी जुळवताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची धरते, मात्रा-उकारांना वर-खाली वेगळी जागा देते. शिवाय बऱ्याच टंकांत (फॉन्टांत) ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ‘पायऱ्या’ आणि ‘दुसऱ्या’ यांतला र तुटतो. जिन्यापाशी लावायच्या पाटीवर नेमके हेच शब्द लागतात! मराठी विद्यार्थ्याला त्याच्या वळणाची अक्षरं मिळायलाच हवीत. यात मी तडजोड करणार नाही.

आता दगड. बाहेरचा तो पिवळसर दगड कुर्ल्याचा. २०१३ ते २०१५ या काळात इमारतीचं जतनाचं मोठं काम झालं, रंगीत काचाही दुरुस्त केल्या. २०१८मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथे भिंतीला ड्रिल लावायचा विचारही मला सहन होत नाही. म्हणून माझ्या सगळ्या पाट्या जड बैठकीवर स्वतंत्र उभ्या, किंवा कपाटांच्या कडेला चिमट्याने धरलेल्या. पितळ टाळलं, कारण उन्हात ते चमकतं आणि अक्षर बुडतं. गडद हिरव्यावर मळकट पांढरी अक्षरं, चकाकी अजिबात नाही. पाट्या कमीच आहेत. वाचणारा जिथे थबकतो तिथेच एक: दारात, गोल जिन्याच्या तोंडाशी, वाचनकक्षात शिरताना. वर लाकडी छत आणि रंगीत काचांचा उजेड असताना मधे आपण बोलू नये. मौन पाळा, पिशव्या बाहेर ठेवा, असे चिकटपट्टीने डकवलेले कागद जुन्या ग्रंथालयांत जागोजागी दिसतात. त्या सगळ्या सूचना मी दारातल्या एका पाटीवर आणल्या आहेत, आणि तिचं पहिलं वाक्य आहे ‘आत या’. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलगी त्या कमानीखाली उभी राहून ‘हे आपल्यासाठी आहे का?’ असं मनात म्हणत असेल, तिच्यासाठी ते आहे.

आणखी एक. राजाबाईंना दिसत नव्हतं, आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून त्यांना घंटेच्या ठोक्यांचा आधार होता, असं सांगतात. हे ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवेना. ज्या टॉवरची गोष्ट एका न दिसणाऱ्या बाईची आहे, त्याच्या पायथ्याशी अंध विद्यार्थ्यासाठी काही नसावं हे कसं चालेल? म्हणून प्रत्येक पाटीवर हाताच्या उंचीवर ब्रेल, आणि दारापासून देवघेव विभागापर्यंत हाताने चाचपत जाता येईल असा कठडा. सध्या माझा सगळ्यात जास्त वेळ या कठड्यावरच जातो. वळणावर हाताला कळेल अशी खूण कशी द्यायची, यावर अजून अडले आहे.

आता तुझं काम. तुझ्या काउंटरवर येणारे लोक काय काय विचारतात, ते आठवडाभर वहीत लिहून ठेवशील? अगदी त्यांच्याच शब्दांत. पुस्तकांच्या यादीला ‘तालिका’ कुणी म्हणतं का, की थेट ‘पुस्तक कुठे सापडेल’ असंच विचारतात? ‘मागणीपत्र’ कळतं का? पाट्यांवरचे शब्द मला त्यावरून ठरवायचे आहेत. पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे, तेव्हा वही भरली की लगेच फोटो पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझी,
वैजू