ऑटो हाय बीम बिघडलाय? आधी काच बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रात्री समोरचे लोक अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा डोळे दिपवणारा उजेड, सोडून डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडावर, येतच नाहीत, ही तक्रार तुमच्या पेपरात अधूनमधून वाचायला मिळते आणि ती खरीच आहे, पण त्यात आता नवीन भर पडलीये ती ऑटो हाय बीमवाल्या गाड्यांची. ड्रायव्हर बिनधास्त बसलाय की गाडी आपोआप डिपर करते, आणि गाडी करत नाहीये. शिव्या मात्र ड्रायव्हरलाच. सर्व्हिस सेंटरला गेलं की ही सोय ज्याच्यावर चालते तो कॅमेराच सरळ बदलायचं अंदाजपत्रक हातात देतात. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी फुकटात बघण्यासारखं बरंच असतं आणि ते आधी बघा.

सगळ्यात पहिलं म्हणजे तुमच्या गाडीत ही सोय आहे का ते बघा, हसू नका, दिव्याच्या दांडीवर AUTO लिहिलंय म्हणजे अंधार पडला की लाइट आपोआप लागणार एवढंच, अप्पर-डिपर आपोआप होणं ही वेगळी भानगड आहे आणि ती वरच्या मॉडेललाच येते. ती असेल तर मीटरमध्ये दिव्याच्या चित्रात A असलेला हिरवा किंवा पांढरा सिग्नल दिसतो, आणि अप्पर खरोखर लागला की नेहमीचा निळा. बऱ्याच गाड्यांत दांडी AUTO वर ठेवून पुढं ढकलावी लागते, डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाले पेढे आणि फोटोच्या गडबडीत हे सांगतच नाहीत. शिवाय ही सिस्टीम ठराविक वेगाच्या वर चालते, गाडीगाडीनुसार तीस-चाळीसच्या पुढं, आणि गावात खांबावरचे दिवे असले की अप्पर लागत नाही. तो बिघाड नव्हे.

मग AUTO सोडून हातानं अप्पर लावून बघा. हातानंही लागत नसेल तर कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, फ्यूज, रिले नाहीतर बल्ब बघायचा. बाहेरून जास्त उजेडाचे एलईडी बल्ब टाकून घेतले असतील तर ते आधी काढा, उजेड वाटेल तसा फाकतो आणि काही गाड्यांत मीटरवर एरर पण येते. हातानं व्यवस्थित लागतंय आणि AUTO मध्येच घोळ आहे, तर आता काचेकडं या.

कारण हा सगळा खेळ आरशाच्या मागं, समोरच्या काचेला आतून लावलेल्या कॅमेऱ्याचा आहे. त्याला समोरचे हेडलाइट आणि पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसले की तो डिपर करतो. त्याच्यासमोर काच मळकी असेल, वायपरचं रबर कडक होऊन रेघा ओढत असेल, पावसाळ्यात आतून वाफ धरली असेल तर त्याला काय दिसणार. बाहेरून सगळे पुसतात, आतून कॅमेऱ्यापुढचा तो वीतभर तुकडा कोणी पुसत नाही कारण हात पोचत नाही, आणि नव्या गाडीत तिथं प्लॅस्टिकचा तेलकट थर धरतो. डॅशकॅम, सोसायटीचं स्टिकर, आरशाला लटकवलेली माळ, हे पण तिथंच जमतं.

माझ्या साडूच्या गाडीचं सांगतो. हायवेला खडी उडून काच तडकली, इन्शुरन्समध्ये बदलून मिळाली, आणि त्यानंतर अप्पर वेड्यासारखा चालू-बंद व्हायला लागला, मध्येच मीटरवर कॅमेरा झाकलाय असा मेसेज. वर्कशॉपवाला म्हणाला कॅमेराच गेला, नवीन टाका. आम्ही बाहेरून टॉर्च मारून बघितलं तर काय, जुन्या काचेबरोबर फास्टॅग फाटून गेला होता आणि नवीन फास्टॅग कुणीतरी बरोब्बर कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवला होता! आता यात चिकटवणाऱ्याचा तरी काय दोष, फास्टॅग आरशामागं लावायचा असतो आणि कॅमेरा पण आरशामागंच असतो, 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा अशा कॅमेऱ्याच्या गाड्या आपल्याकडं होत्या तरी किती. टॅग काढला की फाटतो म्हणून परत नवीन घेऊन बाजूला लावला, तेव्हा मेसेज गेला. पण डिपर तरी उशिराच व्हायचा, समोरचा अगदी जवळ आल्यावर. ते मग दुसऱ्या वर्कशॉपमध्ये कळलं, काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे समोर ठराविक अंतरावर नक्षीचा बोर्ड ठेवून नाहीतर गाडी रस्त्यावर चालवून कॅमेऱ्याला त्याची नजर परत शिकवायची, ते केलंच नव्हतं. केलं आणि काम झालं, कॅमेरा तोच. आणि यात भीतीची गोष्ट म्हणजे लेन सांभाळणं, आपोआप ब्रेक लागणं हे पण बहुतेक गाड्यांत याच कॅमेऱ्यावर चालतं, म्हणजे अप्परचा घोळ हा नुसता अप्परचा नसतो.

आता काही गोष्टी अशा आहेत की सगळं नीट असून पण हे यंत्र आपल्याकडं फसतं. पुणे-बंगळुरू हायवेला डिव्हायडरमध्ये झाडं लावलीयेत, समोरच्या ट्रकचे दिवे झाडांमागं लपतात म्हणून कॅमेरा अप्पर तसाच ठेवतो, पण ट्रकवाला उंच केबिनमध्ये बसलेला, त्याच्या थेट डोळ्यात. कुंभार्ली घाटात तर विचारूच नका. वळणापलीकडून गाडी येतीये हे आपल्याला डोंगरावर पडलेल्या उजेडावरून आधीच कळतं, आपण डिपर करून मोकळे, कॅमेऱ्याला मात्र दिवा थेट समोर येईपर्यंत पत्ता नसतो. ऊस सुरू झाला की बिनदिव्याच्या ट्रॉल्या, त्या त्याला गाडी म्हणून दिसत नाहीत, आणि उलट वळणावरचे चकाकणारे बोर्ड आपलाच उजेड परत फेकतात तर त्याला गाडी समजून हा डिपर करतो, नेमका तिथंच अप्पर हवा असतो. एका दिव्याची मंद बाइक पण उशिरा ओळखतो. अशा ठिकाणी AUTO काढून हात वापरायचा, दुसरा इलाज नाही. ट्रकच्या मागं रात्री डिपर वापरा असं रंगवलेलं असतं ते कॅमेरा वाचत नाही.

तसं हे काही कालचं नाही, 1952 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सनं आपल्या कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइल गाड्यांना आपोआप डिपर होणारी सोय दिली होती.

अजून एक, आपण डिपरवर असूनही समोरचे दिवे लुकलुकवून दाखवतात अशी तक्रार असेल तर स्टिअरिंगच्या खाली उजवीकडं बहुतेक 0 ते 3 आकड्यांची एक चकती असते ती बघा. मागं तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की गाडीचं नाक वर होतं, आणि दिवा पण. आकडा वाढवला की दिवा खाली येतो. कित्येकांना ती कशाला आहे तेच माहीत नाही.

कायदा यात नवा नकोय. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 106 नंबरचा नियम आहेच, दिवा समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा खाली वळलेला किंवा वळवता येणारा पाहिजे. पण बघतो कोण? पीयूसीला धूर बघतात, दिव्याचा रोख नाही, आणि खाजगी गाडी 15 वर्षं होईपर्यंत फिटनेसला जातच नाही. तेव्हा परिवहन खात्यानं निदान एवढं करावं, काच बदलणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला बिलावर कॅलिब्रेशन केलं की नाही ते लिहायला लावावं, आणि इन्शुरन्स कंपन्यांनी त्याचा खर्च काचेच्या क्लेममध्येच धरावा, कारण सध्या काचेचे पैसे मिळतात आणि कॅलिब्रेशनचं विचारलं की काउंटरवरचे एकमेकांकडं बघतात.

आपला एक वाचक,
कराड