बुधवारच्या प्रार्थनेची वेळ बदलली आहे

मंडळीतील सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

कापूस वेचणी चालू असल्याने या बुधवारची प्रार्थना 6 ऐवजी रात्री 8 वाजता पाळकांच्या अंगणात होईल. बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय 12, वचने 1 व 2 घरून वाचून यावे. पौल तिथे शरीर ‘जिवंत यज्ञ’ म्हणून अर्पण करायला सांगतो, म्हणजे फक्त रविवारचा एक तास नव्हे. बायांच्या वेचाईचा हिशेब, जावेशी धरलेला अबोला, विक्रीच्या आदल्या रात्री वजन वाढावं म्हणून कापसाच्या गंजीवर मारलेलं पाणी, हे सगळं त्यात आलं. (पाणी मीही मारलंय, म्हणून लिहितो.)

साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) थोडक्यात द्यावी. मागच्या वेळी लेकरं तिथंच झोपली. टॉर्च आणा, लाइनीचा भरोसा नाही.

– सचिव