पक्ष, साध्य, सिद्धता : माझ्या वर्गमैत्रिणीस

प्रिय मैत्रिणी,

तुझं नाव इथे लिहीत नाही. आपल्या गावातलं कुणी वाचलं तर पहिल्या चार ओळींतच ओळखेल, आणि बाकीच्यांना नावापेक्षा तू काय केलंस ते कळलेलं बरं. तू आता नाहीस, तरी पत्र तुलाच लिहिते. उघड लिहायचं कारण एवढंच की, ‘मॅडम, तुम्ही भूमिती इतकी सोपी कशी सांगता?’ असं मुलं विचारतात तेव्हा कौतुक माझं होतं, आणि त्यावर हक्क तुझा आहे.

जन्मल्यावर तुला जोराची कावीळ झाली होती, असं मावशी, म्हणजे तुझी आई, सांगायच्या. आज अशा बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन तपासतात, त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. तेव्हा आपल्याकडे खेड्यात झाडपाला आणि अंगारा. ती कावीळ मेंदूपर्यंत गेली. हात, मान, जीभ ज्याच्या हुकमात असतात त्या भागाला इजा झाली. बुद्धीला धक्का लागला नाही. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुझी मान एका अंगाला ओढली जायची, पेन धरायला हात पुढे केला की तो भलतीकडेच जायचा, बोलताना तोंड वाकडं व्हायचं. नवा पाहुणा घरी आला की तुझ्यासमोरच मावशींना विचारायचा, ‘हिले समजस का?’ मावशी काही बोलायच्या आत तूच सावकाश म्हणायचीस, ‘समजस.’ आणि हसायचीस. त्या हसण्यात राग नसायचा. मला मात्र अजूनही त्या पाहुण्यांचा राग येतो.

पाचवीत एका सरांनी तुला मागच्या बाकावर बसवलं आणि कित्येक महिने एकही प्रश्न विचारला नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. सहामाहीत तुझी तोंडी परीक्षा दुसऱ्या बाईंनी घेतली, आणि बाक आपोआप पुढे आला.

आपली खरी मैत्री नववीतली. दिवाळी झाली की कापसाची वेचणी जोरात यायची, आणि आमच्या घरातली सगळी माणसं शेतात. मजुरी किलोवर, म्हणजे जितके हात जास्त तितके पैसे जास्त. माझी शाळा बुडायला लागली. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलवटलेली, नखांच्या कडेला रक्त. बाबा म्हणत होते, आता दहावीचं नंतर बघू. आणि एका संध्याकाळी मी डोक्यावर ओझं घेऊन तुमच्या ओट्यापुढून जात असताना तू हाक मारलीस. ‘मला गृहपाठ लिहून देशील का? घरी कुणाला भूमिती येत नाही.’

तुझा धाकटा भाऊ तुझा गृहपाठ लिहून देत होता, हे मला पुढे कधीतरी मावशींकडून कळलं. तू त्याला थांबवलंस आणि मला बोलावलंस. ‘तुझा बुडालेला अभ्यास मी घेते’ असं म्हणाली असतीस तर मी आले नसते. आमच्या घरात फुकट काही घ्यायची सवय नव्हती. तू माझ्याकडे काम मागितलंस.

मग रोज दिवेलागणीला तो ओटा. आधी मावशी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे करायच्या, मग वही उघडायची. तू बोट ठेवून दाखवू शकत नव्हतीस, म्हणून सगळं बोलूनच सांगायचीस. ‘त्रिकोण काढ. वरचा बिंदू ए. खाली डावीकडे बी, उजवीकडे सी. एबी आणि एसी सारख्या. आता पक्ष लिही.’ मी पक्ष लिहायची. ‘साध्य लिही.’ मी लिहायची. मग तू थांबायचीस. ‘आता रचना काय करशील?’ मी गप्प. तू अजिबात घाई करायची नाहीस. ‘सोपं शे. वरचा कोन दुभाग.’ दुभाजक काढला की दोन त्रिकोण समोर यायचे, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागायची, आणि पायाजवळचे कोन एकरूप आहेत हे मीच मोठ्याने म्हणून टाकायची. ‘समद्विभुज’ हा शब्द तुला जड जायचा. तो तू तीन तुकड्यांत म्हणायचीस आणि तिन्ही तुकडे पूर्ण म्हणायचीस. मी मध्येच पुरा करायला गेले तर मान हलवून नको म्हणायचीस.

एकेक वाक्य उच्चारायला तुला इतके कष्ट पडायचे की जास्तीचं एक वाक्यही तू बोलायची नाहीस, आणि गरजेचं एकही गाळायची नाहीस. सिद्धता अशीच लिहायची असते. आज फळ्याकडे पाठ करून मी नुसत्या बोलण्यावर मुलांकडून आकृती काढून घेते, ती तुझी रीत.

पाटणादेवीची सहल आठवते? गौताळ्याचं जंगल, वर डोंगर, आणि देवळाच्या पायऱ्या तू माझ्या खांद्याला धरून चढलीस. तिथल्या शिलालेखाबद्दल सरांनी सांगितलं: शके 1128 चा, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीचा, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला, आणि तिथल्या राजाने बाजारात येणाऱ्या मालावरचा कर त्या मठाला लावून दिला. सगळी मुलं माकडांकडे बघत होती. तू सरांना विचारलंस, ‘म्हणजे बाजाराच्या पैशावर गणित शिकवायचे?’ सर हो म्हणाले. परतीच्या एसटीत तू तेवढंच बोलत होतीस. आपल्या चाळीसगाव तालुक्यात, आपल्या गावापासून इतक्या जवळ, गणितासाठी कुणीतरी पैसा बाजूला काढला होता, याचा तुला केवढा आनंद झाला होता!

दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे मला बसता आलं नाही. गल्लीतल्या नववीच्या मुलाला तू महिनाभर आधी तयार केलंस. भूमितीच्या पेपरातल्या चक्रीय चौकोनाची आकृती त्याने तुझ्या तोंडून ऐकून चुकीशिवाय काढली, आणि पुढच्या वर्षी तो स्वतः गणितात तालुक्याला वर आला. निकालाच्या दिवशी तुझ्या आधी तू माझे मार्क विचारलेस.

पुढे त्याच ओट्यावर तू शिकवण्या घेतल्यास. फी द्यायला जमत नसेल त्याला तू काहीतरी काम सांगायचीस: वर्तमानपत्र धर, पान उलट, फळा पूस. मला ते काम लगेच ओळखू यायचं.

आता 2016 च्या कायद्याने तुझ्यासारख्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. यंदा माझ्या वर्गात असाच एक मुलगा आला आहे. त्याला मी पहिल्या बाकावर बसवलं आणि पहिल्याच तासाला प्रश्न विचारला. उत्तराला वेळ लागला, वर्ग थांबला, उत्तर बरोबर आलं.

वेचणीच्या त्या दिवसांत तू माझी शाळा सुटू दिली नाहीस, आणि मला कुणाचं देणं लागते असं कधी वाटू दिलं नाहीस, त्याबद्दल तुझे मनापासून आभार. मावशी, तुमचेही, भाकरीसाठी आणि कंदिलातल्या रॉकेलसाठी. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येते आहे. माझ्या अक्षरातल्या तिच्या वह्या तुम्ही जपून ठेवल्या आहेत, त्यातली नववीच्या भूमितीची वही थोडे दिवस द्याल का? त्या मुलाला दाखवायची आहे.

तुझी,
ओट्यावरची लेखनिक