टनांचं नंतर, आधी छत मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या गॅरेजसाठी गाडी उचलायची लिफ्ट कशी निवडावी, यावर आपल्या पुरवणीत लेख आला होता. लेख नेटका होता, पण सोबतचा तक्ता बघून राहवलं नाही. पहिला रकाना लिफ्ट किती टनांची याचा, दुसरा गाडीच्या वजनाचा, आणि तळाशी बारीक अक्षरात 'जागेचाही विचार करावा'. मी आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, यंत्राच्या पकडीत (चकात) बसतो का ते आधी बघायचं, कापायचा वेग मग, हे अंगात मुरलेलं. घरच्या छोट्या गॅरेजात टनांवरून क्वचितच कुणाचं अडतं. अडतं ते डोक्यावरच्या छतावरून आणि पायाखालच्या काँक्रीटवरून.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. गुडघे कुरकुरायला लागले, गाडीखाली सरपटत जाणं जमेना, आणि लेकीला या कामाची माझ्याहून जास्त हौस, म्हणून दोघांनी लिफ्ट घ्यायचं ठरवलं. विक्रेत्याने दोनच प्रश्न विचारले: गाडी कोणती आणि माल कधी पाठवू? छत किती उंच आहे हे त्याने विचारलं नाही, आणि मोजमापात केस पांढरे केलेल्या मीही सांगितलं नाही. दोन खांबांची लिफ्ट ठरवून आगाऊ रक्कम देऊन आलो. रात्री लेकीने टेप छताला लावला. फरशीपासून २ मीटर ६० सेंटिमीटर. माहितीपत्रकात खांबाचीच उंची पावणेतीन मीटरच्या पुढे! आगाऊ रक्कम गेली ती गेलीच.

हिशेब तसा तिसरीतल्या पोरालाही जमेल. छताच्या उंचीतून गाडीची उंची वजा करा, वर वीतभर तरी मोकळं सोडा. उरेल तेवढीच गाडी वर जाणार. माझी गाडी दीड मीटर उंच, म्हणजे माझ्याकडे एक मीटरही उरत नाही. गाडीखाली ताठ उभं राहून काम करायचं तर ती पावणेदोन मीटर तरी वर जायला हवी, म्हणजे छत साडेतीन मीटरच्या आसपास पाहिजे. ज्या दोन खांबी लिफ्टमध्ये वरून आडवी तुळई जाते, ती लिफ्टच बहुधा तेवढी उंच असते. तुळई नसलेल्या प्रकारात दोन्ही बाजू जोडणाऱ्या तारा आणि तेलाची नळी जमिनीवरच्या पट्टीखालून जातात. ते खांब ठेंगणे असतात, पण माझ्या गॅरेजात तेही मावत नव्हते. आणि छत मोजताना दार विसरू नका. दार वर सरकून छताखाली आडवं होत असेल तर माप त्या उघड्या दाराच्या खालून घ्यायचं. तुळई, पंखा, ट्यूबलाइट यांचंही तेच.

आता फरशी. दोन खांबी लिफ्ट नुसती ठेवून चालत नाही, ती अँकर बोल्टने काँक्रीटमध्ये आवळावी लागते, कारण गाडीचं सगळं वजन खांबांतून बाहेर आलेल्या, तिला खालून उचलणाऱ्या हातांवर असतं आणि ते खांबाला आत ओढत असतं. साधारण १० सेंटिमीटर जाडीचा सलग, चांगल्या प्रतीचा स्लॅब तरी बहुतेक उत्पादक मागतात, काही जण त्याहून जास्त. वरून टाइल दिसते म्हणून खाली काय आहे ते कळत नाही. आम्ही खांब येणार होते तिथे दोन भोकं पाडली. तारेचं टोक काटकोनात वाकवून भोकात सोडलं, स्लॅबच्या खालच्या कडेला अडकवलं, आणि वर फरशीच्या पातळीला नखाने खूण धरून तार बाहेर काढली. एका जागी १३ सेंटिमीटर. दुसऱ्या जागी पावणेनऊ, आणि तारेच्या टोकाला ओली माती. छत आणखी दोन हात उंच असतं तरी त्या जमिनीत मी खांब रोवला नसता. नवा चौथरा ओतता येतो, पण त्याला उत्पादकाने दिलेलं लांबी-रुंदी-खोलीचं माप पाळावं लागतं आणि काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धीर धरावा लागतो. ज्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब, तिथे तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिलला हातही लावू नये.

मग आपण खरोखर काम कोणतं करतो, हा प्रश्न. आपल्या लेखात तो आलाच नाही. आमची कामं म्हणजे ऑइल, ब्रेक, टायर आणि वर्षाकाठी सस्पेन्शनचं काहीतरी. चार खांबी लिफ्टच्या दोन लांब पट्ट्यांवर गाडी सरळ चढवायची, ती चाकांवर उभी राहते. एका गाडीखाली दुसरी ठेवायला याहून चांगलं काही नाही, बहुतेकदा बोल्टही लागत नाहीत. (खालच्या गाडीवर वरच्या गाडीचं ऑइल ठिबकतं, तेव्हा ट्रे विसरू नका.) पण चाकं पट्ट्यांवर टेकलेली असल्याने ब्रेकसाठी मधे सरकता जॅक वेगळा घ्यावा लागतो, आणि चढायच्या उतारासकट तिची लांबी आमच्या दाराबाहेर जात होती. मध्यम उंचीची सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारखी उघडत वर जाणारी, गाडीच्या पोटाखाली मधोमध बसते. टायर-ब्रेकला झकास, पण गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा पाइप नेमका तिच्याच आड जातो.

शेवटी आम्ही घेतली ती सुट्या दोन चौकटींची जोडी. डाव्या-उजव्या बाजूला एकेक चौकट सरकवायची, नळ्या पंपाला जोडायच्या, गाडी अर्ध्या मीटरहून थोडी वर येते. चाकं मोकळी, पोट मोकळं, आणि काम झालं की चौकटी भिंतीला टेकवून गॅरेज पुन्हा रिकामं. पाठीवर झोपावं लागतंच. पण पूर्वी नाक इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला घासायचं, आता मधे हातभर अंतर असतं, पाना फिरवायला कोपर वाकतं. साठीनंतर ही चैन आहे.

टनांबद्दल एकच सांगतो, कारण तक्त्यात ते चुकीच्या समजुतीला वाव देतं. चार हातांच्या लिफ्टवर ४ टन लिहिलं असेल, तर एका हाताला एकच टन. आणि गाडीचं वजन चारही कोपऱ्यांत सारखं नसतं. २००० किलोच्या गाडीचं ६० टक्के वजन पुढे असेल, तर पुढच्या प्रत्येक हातावर ६०० किलो येतं, मागच्यावर ४००. म्हणून बघायचं ते सगळ्यात जड कोपऱ्याचं वजन. इंजिन उतरवलं की तोल मागे जातो, तेव्हा मागून उंच स्टँडचा आधार आधीच द्यायचा. उचलायच्या जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या असतात, हातांच्या टोकाचे पॅड तिथेच लावायचे. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तळाशी पसरलेली असते, तिथे पॅड चार बोटं आत सरकला तरी घोटाळा. आणि मोटर सिंगल फेजची आहे ना, ते आधी विचारा. वर्कशॉपमधून निघालेली जुनी लिफ्ट बऱ्याचदा थ्री फेजची असते आणि घरी आणल्यावर शोभेला उभी राहते. प्रमाणपत्राचं लेबलही बघावं. युरोपात लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, उत्तर अमेरिकेत एएलआय या संस्थेचं लेबल बघतात.

लेखात 'लॉक असावं' एवढंच आहे. लॉक बहुतेक लिफ्टना असतं, ते लागलंय का हे बघणारं माणूस हवं. लॉकची खाच न लागता नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या गाडीखाली जायचं नाही. गाडी वर न्यायची, मग किंचित खाली सोडून लॉकवर बसवायची. आमच्या चौकटी लॉकवर बसताना 'टक्' आवाज येतो. एकदा एकच टक् ऐकू आला. मला वाटलं, दोन्ही बाजू एकदमच बसल्या असतील. लेक टॉर्च घेऊन वाकली. उजवी चौकट खाचेत बसली होती, डावी अजून तेलावरच होती. तेव्हापासून ती दोन्ही बाजू डोळ्यांनी बघून 'बसली' म्हणेपर्यंत मी खाली जात नाही.

आणि इतकं सगळं मोजून झाल्यावरही पहिल्याच आठवड्यात फजिती झालीच. डिकीतून पाने काढले आणि डिकी तशीच उघडी ठेवून मी बटण दाबलं. उघड्या डिकीचं टोक जमिनीपासून २ मीटर ५ सेंटिमीटरवर येतं, हे कुठल्याच कागदावर मांडलं नव्हतं. "बाबा, डिकी!" असं ती ओरडली तोवर ट्यूबलाइटची पट्टी वाकली होती आणि काचा माझ्या टोपीवर. म्हणून छताच्या हिशेबात गाडीची उंची बंद डिकीची धरायची की उघड्या, हे आपापल्या विसरभोळेपणावर ठरवावं. मी उघड्या डिकीची धरतो.

आपल्या पुरवणीत हा विषय पुन्हा येणार असेल, तर एवढीच विनंती: तक्त्यात टनांच्या आधी तीन रकाने घाला. दार उघडं असताना छताची उंची, खांबाच्या जागी स्लॅबची जाडी, आणि डिकी-बॉनेट उघडून गाडीची उंची. चौथा रकाना टनांचा असू द्या, माझी हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त टर्नर