पाहुण्या ताऱ्याची गोष्ट

पुणे,
2 मार्च

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं होतं. पण परवा विज्ञान दिनाला खोडदला जाऊन आलो आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. नारायणगावच्या पुढे शेतांमध्ये रेडिओ दुर्बिणीच्या त्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण 30, पार 25 किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. तबकडी म्हटलं तरी भरीव पत्रा नाही, बारीक तारांची जाळी. खाली उभं राहिलं की तिच्यातून आभाळ दिसतं, वारा आरपार जातो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या युक्तीमुळेच एवढी मोठी दुर्बीण आपल्याला परवडली.

तिथे पल्सारच्या, म्हणजे गरागरा फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, तक्त्यापुढे मी कितीतरी वेळ उभा होतो. त्यामागची गोष्ट तुला सांगायचीय.

4 जुलै 1054. चीनमधल्या सोंग राजवटीच्या ज्योतिषांना वृषभाच्या शिंगाच्या टोकापाशी एक नवा तारा दिसला. त्याला त्यांनी म्हटलं 'पाहुणा तारा'. शुक्रासारखा तो 23 दिवस भरदिवसा दिसत होता. रंग तांबूस पांढरा, हेही टिपून ठेवलं. रात्री मात्र तो जवळजवळ दोन वर्षं दिसत राहिला आणि एप्रिल 1056 मध्ये दिसेनासा झाला, याचीही नोंद आहे. या शेवटच्या नोंदीने मी हललो. उगवलेलं सगळ्यांनाच दिसतं रे, पण विझत चाललेल्या ठिपक्याकडे इतके महिने कोण बघत बसतं!

त्याच जागी 1731 मध्ये इंग्लंडच्या जॉन बेव्हिसला एक धुरकट ढग सापडला, तोच क्रॅब तेजोमेघ, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. हा ढग फुगतोय हे पुढे छायाचित्रांवरून कळलं. त्या वेगावरून मागे हिशेब केला तर स्फोट साधारण 900 वर्षांपूर्वीचा निघतो, म्हणून हा चिन्यांचाच तारा, असं 1928 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलने सुचवलं.

आता केंब्रिज, 1967. जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी. खांब ठोकून, तारा ओढून जी रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तिच्यात तिचे स्वतःचे हात लागलेले. रोज सुमारे शंभर फूट कागदावर रेघा उमटायच्या आणि ती त्या डोळ्यांनी तपासायची. चारशे फुटांत जेमतेम पाव इंच जागेत तिला काहीतरी वेगळं खरखरीत दिसलं. तिने ते सोडलं नाही. दर 1.33 सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा! हाच सापडलेला पहिला पल्सार. 1974 चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. मला याचा आजही राग येतो. 2018 मध्ये तिला 30 लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, ते तिने सगळं विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकलं.

आणि 1968 मध्ये त्या क्रॅबच्या पोटातही असाच ठोका सापडला, सेकंदाला 30! श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा विझत आलेला लहानसा गाभा, इतक्या वेगाने फिरला तर फाटून जाईल. म्हणजे तिथे न्यूट्रॉन ताराच हवा: सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि रुंदी पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मावेल एवढी. पाहुणा गेलाच नव्हता, आत बसून फिरत होता.

पुढे 1982 मध्ये सेकंदाला 642 फेऱ्या घेणारा पल्सार मिळाला. तो शोधणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा विद्यार्थीच. असे पल्सार म्हणजे नितांत पक्की घड्याळं. 2023 मध्ये युरोपातल्या दुर्बिणींच्या आणि खोडदच्या नोंदी एकत्र करून अशा 25 घड्याळांचे ठोके तपासले, तेव्हा त्यांच्या किंचित मागेपुढे होण्यात गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींच्या, खुणा दिसल्या. यातली एक लहर सरकायला कित्येक वर्षं लागतात. ज्या शेतात मी उभा होतो तिथून हे ऐकलं गेलं, अविनाश!

सध्या रात्री आठच्या सुमाराला वृषभ डोक्यावरून जरासा पश्चिमेला कललेला असतो. रोहिणी सापडली की शिंगाचं दक्षिणेकडचं टोक धर आणि तिथून अंशभर वायव्येला बघ. तुझ्या चार इंची दुर्बिणीत पुसटसा डाग दिसेल, पण गावाबाहेर अंधारात जा. दिसला की लगेच कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव